बडोद्यात मित्रांसोबत रामेन: ऑर्डर देण्याआधी आणि वाडगं आल्यावर

रामेनचं, म्हणजे जपानी नूडल्स-सूपचं, वाडगं टेबलावर आलं की त्यातल्या नूडल्सना जेमतेम आठ-दहा मिनिटं असतात. तेवढ्या वेळात खाल्ल्या तर त्या दाताला छान लागतात. नंतर सूप शोषून फुगतात, मऊ पडतात, सूपही आटतं आणि शेवटी चमच्यात येतो तो नुसता लगदा. आपल्याकडे पंगतीत सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय कुणी पहिला घास घेत नाही. ही सवय चांगलीच आहे, पण रामेनच्या टेबलावर तीच घात करते. म्हणून जे काही ठरवायचं, विचारायचं, वाटून घ्यायचं, ते वाडगं येण्याआधी उरकायला हवं. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे.

आधी बघा: हे खरंच रामेन आहे का

कॅफेच्या मेन्यूवर ‘रामेन’ या एका शब्दाखाली दोन वेगळे पदार्थ असू शकतात. एक जपानी रामेन: ताज्या किंवा गोठवलेल्या नूडल्स, वेगळं उकळलेलं सूप आणि वरून मांडलेले जिन्नस. दुसरं कोरियन राम्यन, म्हणजे पाकिटातल्या तळून वाळवलेल्या नूडल्स, पाकिटातलाच मसाला, वर चीजची स्लाइस आणि अंडं. राम्यनही मजेने खाण्यासारखं आहे, पण अपेक्षा जपानी रामेनची आणि समोर आलं पाकीट, की विरस होतो. मेन्यूत चीज, बुलदाक (जाळ तिखट कोरियन चिकनची चव) किंवा तिखटाच्या लेव्हल असतील तर ते बहुधा कोरियनच. शंका असेल तर सरळ विचारा: ‘नूडल्स पाकिटातल्या की ताज्या?’ वाडगं समोर आल्यावरही कळतं. पाकिटातल्या नूडल्स एकसारख्या कुरळ्या असतात आणि त्यांना तळणीचा हलका वास असतो.

पाकिटाचा जन्मही जपानमधलाच. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये पहिल्या इन्स्टंट नूडल्स बाजारात आणल्या. दुकानातलं रामेन त्याहून जुनं आहे. चिनी गव्हाच्या नूडल्स योकोहामासारख्या बंदरांतून जपानात रुजल्या आणि १९१० मध्ये टोकियोच्या असाकुसा भागात राईराईकेन हे दुकान सुरू झालं. जपानच्या सुरुवातीच्या रामेन दुकानांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं.

वाडग्यात काय काय असतं

बडोदेकरांना हे समजायला शेव उसळ पुरेशी आहे. शेव उसळीत उसळ वेगळी, तर्री वेगळी, शेव वेगळी, आणि ऐनवेळी सगळं एकत्र. रामेनही तसंच पाच वेगळ्या तयारींमधून ऐनवेळी उभं राहतं.

तळाशी असतं ‘तारे’. म्हणजे मिठाचा, चवीचा दाट अर्क, एका वाडग्याला साधारण दोन मोठे चमचे. तर्री आणि तारे ही नावं कानाला जवळची वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही आणि कामही उलटं आहे: तर्री शेवटी वरून पडते, तारे सगळ्यात आधी तळाशी. त्यावर सुमारे ३०० मिलिलिटर उकळतं, जवळजवळ अळणी सूप ओततात. मग एक चमचा सुवासिक तेल, मग नूडल्स (कच्च्या वजनात १२० ते १५० ग्रॅम), आणि वर बाकीचे जिन्नस.

मेन्यूतली नावं या रचनेवरूनच पडली आहेत. ‘शोयू’ म्हणजे सोया सॉसचं तारे, ‘शिओ’ म्हणजे मिठाचं, ‘मिसो’ म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं. मिसो रामेन ही उत्तरेकडच्या थंड साप्पोरोची ओळख, त्यामुळे त्यावर मका आणि लोण्याचा तुकडा दिसतो. ‘तोनकोत्सु’ हे नाव मात्र तारेचं नाही, सूपचं आहे: डुकराची हाडं कित्येक तास खळखळून उकळलेलं दुधाळ पांढरं सूप, क्यूशू बेटावरचं. ‘तानतानमेन’मध्ये तिळाची पेस्ट आणि तिखट तेल असतं. आपल्या जिभेला ते सगळ्यात लवकर रुचतं. पहिल्यांदा खाणाऱ्याने मिसो किंवा तानतानमेनपासून सुरुवात करावी. शिओ रामेन उत्तम असलं तरी मसाल्याची सवय असलेल्याला पहिल्या दिवशी ते फिकं वाटतं, आणि मग तो रामेनलाच नावं ठेवतो.

नूडल्सचा पिवळेपणा अंड्याचा असतो असं अनेकांना वाटतं. खरं तर तो ‘कानसुई’चा. हे अल्कधर्मी क्षार आहेत, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. उडदाच्या पापडाच्या पिठात आपण पापडखार घालतो, त्याच कुळातलं काम. खारामुळे पीठ ताणाला चिवट होतं, पिवळसर दिसतं आणि उकळत्या सूपमध्येही नूडल थोडा वेळ टिकते. साध्या हक्का नूडल्स रामेनच्या सूपमध्ये घातल्या की लवकर गळतात, ते खार कमी असल्यामुळे किंवा नसल्यामुळे. कॅफेने हा शॉर्टकट घेतला असेल तर तो इथेच उघडा पडतो.

‘व्हेज आहे का?’ हा प्रश्न पुरत नाही

बडोद्यात चार मित्र जमले की एक पक्का शाकाहारी, एक अंडं चालणारा, एक सगळं खाणारा आणि एक जैन असं टेबल अगदी नेहमीचं. गडबड याच टेबलावर होते, कारण रामेनमधला मांसाहार वरच्या जिनसांत दिसत नाही, तो सूपमध्ये विरघळलेला असतो. वर पनीर, मका आणि पालक असला तरी खाली चिकनचं सूप असू शकतं. ‘व्हेज है?’ विचारलं की वेटर टॉपिंग डोळ्यांपुढे आणून ‘हो’ म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, प्रश्नच अपुरा असतो.

म्हणून प्रश्न भागाभागाने विचारा, आणि शक्य असेल तर किचनमध्ये विचारून यायला सांगा.

पहिला प्रश्न सूपचा: व्हेज रामेनचं सूप वेगळ्या पातेल्यात होतं का, आणि कशाचं? चांगलं उत्तर म्हणजे कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ, सुके शिताके मशरूम, भाज्या किंवा सोया दूध. ‘दाशी’ एवढंच उत्तर आलं तर थांबा. नेहमीची दाशी कोम्बू आणि कात्सुओबुशी यांची असते, आणि कात्सुओबुशी म्हणजे वाळवून धुरावलेला बोनिटो मासा. मिसो तसा शाकाहारी, पण काही तयार मिसो पेस्टमध्ये दाशी आधीच मिसळलेली असते. तेव्हा डबा बघून सांगायची विनंती करायला हरकत नाही. भारतात तयार झालेल्या शाकाहारी मालाच्या पाकिटावर हिरवी खूण असते. आयात मालावर लेबल नीट वाचावं लागतं.

दुसरा प्रश्न तेलाचा. वर तरंगणारे सोनेरी ठिपके तीळ किंवा लसणाच्या तेलाचे असतील तर ठीक, पण ती चिकनची किंवा डुकराची चरबीही असू शकते. तिसरा नूडल्सचा: खारामुळे पिवळ्या असल्या तरी काही ठिकाणी अंड्याच्या नूडल्स वापरतात, त्यामुळे विचारलेलं बरं. चौथा सॉसचा, म्हणजे ऑइस्टर सॉस किंवा फिश सॉस. किमची, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं कोरियन लोणचं, बाजूला येत असेल तर तीही विचारा, कारण पारंपरिक किमचीत मासळीचा अंश असतो. गुलाबी नक्षीची पांढरी चकती ‘नारुतो’ ही माशाची असते. दिसायला ती निव्वळ सजावट वाटते, म्हणून शाकाहारी वाडग्यात चुकून येते. जे भांड्यांची शिवाशिव पाळतात त्यांनी ग्योझा (मोमोसारखे जपानी डंपलिंग) कोणत्या तव्यावर भाजतात आणि नूडल्स एकाच पाण्यात उकळतात का, हेही विचारावं. लहान किचनमध्ये नूडल्सचं पाणी बहुतेक एकच असतं.

सूपमध्ये चव येते कुठून हे कळलं की व्हेज सूप चांगलं आहे की नाही हेही ओळखता येतं. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बूमधून ग्लुटामेट वेगळं करून त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. कोम्बूचं ग्लुटामेट आणि सुक्या शिताकेतलं ग्वानिलेट एकत्र आले की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. म्हणून ही जोडी असलेलं व्हेज सूप भरदार लागतं. नुसत्या गाजर-कोबीच्या पाण्यात सोया सॉस घातलेलं सूप पाणचट लागतं, मग कॅफेवाले ते झाकायला तिखट वाढवतात.

जैन मित्राबाबत स्पष्टच सांगायला हवं. रामेनचं सूप सकाळी होतं आणि त्यात कांदा, लसूण, आलं आधीच उकळलेलं असतं. संध्याकाळी ‘जैन करून द्या’ म्हटल्याने तयार सूपमधला लसूण निघत नाही. वर मशरूमही अनेकांना चालत नाही. त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून कोम्बू-टोमॅटो किंवा सोया दूध-तिळाचं सूप कांदा-लसणाशिवाय करता येईल का, हे ठरवा. जमत नसेल तर त्याच्यासाठी एडामामे, म्हणजे मीठ लावलेल्या सोयाबीनच्या शेंगा, आणि साधा भात असं काही आधीच ठरवून ठेवा. ऐनवेळी एका मित्राने नुसता चहा पीत बसणं कुणालाच बरं वाटत नाही. दारू वर्ज्य असणाऱ्यांनी ‘मिरिन’ (तांदळाची गोड दारू) किंवा स्वयंपाकाची साके वापरतात का हेही विचारावं. अस्सल मिरिनमध्ये अल्कोहोल असतं, मिरिनसारख्या मसाल्यात एक टक्क्याहून कमी. गव्हामुळे ग्लुटेन आणि शिवाय सोया जवळपास प्रत्येक वाडग्यात असतात, तीळही पुष्कळदा. त्यांची ॲलर्जी असणाऱ्याला रामेनमध्ये सुरक्षित पर्याय जवळजवळ नाही.

किती मागवायचं आणि कधी

रामेन हा एका माणसाचा वाडगा आहे. जपानमध्ये तो वाटून खात नाहीत. आपल्याकडे मात्र ‘तुझ्यातलं चाखू दे’ हे होणारच, आणि एकाच वाडग्यात चौघांच्या चॉपस्टिक्स गेल्या की उष्ट्याचा प्रश्न येतो. म्हणून वाटायचंच असेल तर दोन फेऱ्या करा. चौघांसाठी पहिल्या फेरीत दोन वेगळी रामेन आणि चार रिकाम्या लहान वाट्या मागवा. वाडगं आलं की ज्याने अजून चॉपस्टिक तोंडाला लावलेली नाही अशा एकाने लगेच वाटप करावं: आधी नूडल्स, मग वरून सूप, शेवटी जिन्नस. अंडं दोऱ्याने किंवा सुरीने अर्धं होतं. पहिल्या फेरीतलं निम्मं संपत आलं की दुसरी दोन मागवा. यात प्रत्येकाला चार चवी मिळतात आणि एकही नूडल भिजत पडत नाही.

ज्याला स्वतःचा वाडगा हवा त्याने स्वतःचाच घ्यावा, पण मग सगळ्यांचं एकदम येण्याची वाट पाहू नये. छोट्या कॅफेत नूडल्स उकळायच्या जाळ्या मोजक्याच असतात. सहा वाडगी एकाच वेळी येत नाहीत, दोन-तीन टप्प्यांत येतात. ज्याचं आलं त्याने सुरू करावं. जपानीत अशा वेळी ‘ओसाकी नी’ म्हणतात, म्हणजे ‘मी आधी घेतो’. आपणही एकदा सांगितलं की कुणाला खटकत नाही. हे बाहेर पडतानाच सगळ्यांना सांगून ठेवा. टेबलावर सांगितलं तर लोक संकोचाने चमचा हातात धरून बसतात.

ग्योझा, एडामामे वगैरे रामेनच्या आधी मागवा आणि ‘हे आधी, रामेन नंतर’ असं शब्दांत सांगा. न सांगितल्यास सगळं एकदम येतं आणि गरम ग्योझापायी रामेन भिजतं.

नूडल्स किती शिजवायच्या हे काही कॅफे विचारतात. ‘कातामे’ म्हणजे थोड्या कडक, ‘यावाराकामे’ म्हणजे मऊ. वाटून खायचं असेल किंवा गप्पा होणार असतील तर कातामे सांगा. वाटपात जाणारी दोन मिनिटं त्या कडकपणातून भरून निघतात. क्यूशूतल्या हाकाता पद्धतीच्या बारीक नूडल्स एका मिनिटाच्या आतबाहेर शिजतात आणि तितक्याच लवकर गळतात. मिसोसोबत येणाऱ्या जाड, कुरळ्या नूडल्स जास्त टिकतात. हाकाता रामेनमध्ये ‘काएदामा’ मिळतो का विचारा, म्हणजे उरलेल्या सूपमध्ये नूडल्सची नवी मूठ. तो हवा असेल तर सूप पिऊन संपवू नका, आणि शेवटच्या दोन-तीन घासांच्या आधी मागवा.

वाडगं आल्यावर

फोटो एकच, बसल्या जागेवरून. खुर्चीवर उभं राहून, सगळी वाडगी एका ओळीत लावून काढलेल्या फोटोला सहज तीन मिनिटं जातात.

आधी चमच्याने वरचं सूप घ्या, काहीही न घालता. मग चॉपस्टिक्स तळापर्यंत नेऊन नूडल्स एकदा वर उचला. तळाचं तारे मिसळलेलं नसेल तर ते इथे मिसळतं. ‘सूप अळणी आहे’ ही तक्रार अनेकदा हे न केल्याने येते. त्यानंतर मसाला: शिचिमी म्हणजे सात जिनसांची भुकटी, रायू म्हणजे तिखट तेल, व्हिनेगर, कुटलेले तीळ. तोनकोत्सूसोबत लाल आलं आणि लसूण. निम्मं खाऊन झाल्यावर घातलं तर एकाच वाडग्यात दोन चवी मिळतात. वासाबी रामेनमध्ये सहसा घालत नाहीत.

चॉपस्टिक्सची गोष्ट सोपी आहे. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकलेली, ती हलत नाही. वरची पेनासारखी धरायची, हलते ती फक्त हीच. काड्या टोकाजवळ धरल्या की निसटतात, थोड्या वर धरा. एका वेळी चार-पाच नूडल्सच उचला. झुबका उचलला की तो तोंडात मावत नाही, परत पडतो आणि सूप शर्टावर उडतं. वाडग्यावर थोडं वाकून, डाव्या हातात चमचा खाली धरून खावं. काटा मागितला तरी काही बिघडत नाही. काड्या मात्र वाडग्यात उभ्या खोचू नका आणि एकमेकांच्या काड्यांतून घास देऊ नका. जपानमध्ये या दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

आणि भुरका. आमटीचा भुरका मारला म्हणून लहानपणी बोलणी खाल्लेल्यांना इथे पूर्ण मोकळीक आहे. नूडल्ससोबत हवा आत ओढली की त्या तोंड न भाजण्याइतक्या निवतात आणि वास घशातून नाकापर्यंत पोचतो. तानतानमेनचा भुरका मात्र जपून मारा. तिखट तेल घशात गेलं की असा ठसका लागतो की पाणी पिऊनही पाच मिनिटं बोलता येत नाही.

अंडं ‘आजितामा’ असेल तर ते साधारण साडेसहा मिनिटं उकळून सोया सॉसमध्ये मुरवलेलं असतं: बाहेरून चहाच्या रंगाचं, आत मधासारखं दाट पिवळं. ते शेवटी ठेवू नका. गरम सूपमध्ये दहा मिनिटं बुडून राहिलं की बलक घट्ट होतो. नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, काळा कागद पहिल्या दोन मिनिटांतच, नूडल्सना गुंडाळून खावा. नंतर तो विरघळल्यासारखा होतो.

सूप संपवायलाच हवं असं काही नाही. पूर्ण प्यायलं तर एका वाडग्यातून पाच-सहा ग्रॅमपर्यंत मीठ पोटात जाऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी ५ ग्रॅमच्या आत सांगते. रक्तदाब असणाऱ्या मित्राने तळाचं सूप निःसंकोच सोडावं.

उन्हाळ्यात

मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीपार असताना उकळतं सूप नको वाटतं. तेव्हा दोन पदार्थ शोधा. ‘हियाशी चुका’ म्हणजे गार नूडल्सवर काकडी, अंड्याच्या पट्ट्या आणि आंबट-गोड सॉस. जपानमध्ये तो उन्हाळ्यातच मिळतो आणि सुरू झाला की दुकानं पाटी लावतात. दुसरं ‘त्सुकेमेन’: गार धुतलेल्या नूडल्स वेगळ्या, दाट सूप वेगळं, एकेक घास बुडवून खायचा. गप्पिष्ट टोळीला तर त्सुकेमेन बाराही महिने सोयीचं, कारण नूडल्स सूपमध्ये पडून राहतच नाहीत.

बिल आणि उरलेलं

बिलात बहुधा ५ टक्के जीएसटी असतो. सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर तो ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आहेत, आणि नको असल्यास काढायला सांगता येतो. दोन फेऱ्या वाटून खाल्ल्या असतील तर सरळ समान भाग करा. ज्याने फक्त एडामामे खाल्ले त्याचं वेगळं धरा.

पार्सल न्यायचं असेल तर नूडल्स आणि सूप वेगळ्या डब्यांत मागा, नूडल्स थोड्या कमी उकळलेल्या. घरी सूप आधी गरम करा. मिसोचं असेल तर खळखळ उकळू देऊ नका, वास उडतो. वाडग्यात गरम पाणी ओतून ठेवा, म्हणजे तो गार राहणार नाही. चिकटून गोळा झालेल्या नूडल्स उकळत्या पाण्यात पंधरा-वीस सेकंद मोकळ्या करून, पाणी पूर्ण निथळून मग सूपमध्ये. अंडं मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, फुटतं.

टेबलावर नूडल्स संपून सूप उरलं असेल आणि मिठाची चिंता नसेल तर एक लहान वाटी गरम भात मागवा. भात सूपमध्ये घाला, मोडू नका, मिनिटभर थांबा आणि चमच्याने खा. मिसो आणि तानतानमेनच्या सूपला हा भात सगळ्यात छान लागतो.